भाल्याची नवमी

कुरुंदा, ता. वसमत
१८ मे २०२५

ती. प्रियाताईस,
सोमेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हळदीच्या पॉलिशचा हंगाम संपत आला आहे. हळकुंडं घासायच्या आपल्या ड्रमवर रोज आठ-दहा क्विंटल माल येतो. अंगावरची पिवळी धूळ दोनदा आंघोळ केली तरी जात नाही. आई मला म्हणते, तुला लग्नात वेगळी हळद लावायची गरज नाही.

तू म्हणशील, फोन असताना याने पत्र का लिहिलं. फोनवर मी अडखळतो हे तुला माहीत आहे. समोरचं माणूस गप्प झालं की आपण चुकलो असं वाटतं आणि उरलेलं राहून जातं. कागदावर मला खोडता येतं. हे पत्रही मी तिसऱ्यांदा उतरवलं आहे.

तुमच्या कंपनीचा ‘नऊ वेशी’ हा खेळ मी दीड वर्षापासून फोनवर खेळतो. दुसऱ्या वेशीजवळच्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडून मला एक भाला मिळाला होता. त्याचं नाव मी ‘नांगी’ ठेवलं होतं. त्याच एका भाल्याने मी सहा वेशी ओलांडल्या. प्रत्येक वेशीशी तुमची मंत्रभट्टी असते. त्यात हत्यार आणि खडे टाकले की हत्याराला आगीचा, पाण्याचा किंवा विजेचा मंत्र चढतो. पाच मंत्रांपर्यंत धोका नसतो. पुढे मात्र हत्यार फुटू शकतं. मी सातवा मंत्र चढवायला गेलो. पडद्यावर लिहिलं होतं की शंभरातून सत्तर वेळा जमतं. माझं जमलं नाही. नांगीचा चुरा झाला आणि वर अक्षरं आली, ‘नशीब रुसलं!’ हे वाक्य तू लिहिलं असशील तर माझा तुझ्यावर राग आहे.

ताई, मी रडलो वगैरे नाही. पण हे चूक आहे असं मला वाटतं, आणि का ते सांगतो. आमच्याकडे शेतकरी माल घेऊन येतो तेव्हा आधी घट विचारतो. मी सांगतो, साध्या पॉलिशला क्विंटलमागे पाच किलो जातील, आरशासारखी चमक हवी असेल तर सात. तो विचार करतो आणि ठरवतो. चमक हवी तर वजन द्यावं लागतं, हे लहान लेकराला पण कळतं. पण मी जर म्हणालो की बाबा, टाक पोतं ड्रममध्ये, एक तर चमकेल नाहीतर सगळ्याचं पीठ होईल, तुझं नशीब, तर तो मलाच ड्रममध्ये घालून फिरवील.

हत्यार मंतरण्याची पद्धत सुधारता येईल. माझ्या डोक्यात काही आहे. हे कुणाला दाखवू नकोस, अकरावी शिकलेल्याचं लिखाण आहे.

लोभात घट येऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा भाऊ,
सोमेश्वर

---

पुणे
२७ मे २०२५

चि. सोमेश्वर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. ‘नशीब रुसलं’ मीच लिहिलं आहे. खेळातली सगळी मराठी वाक्यं मीच लिहिते, तेव्हा राग धर, पण बेताने.

कुणाला दाखवू नकोस म्हणालास म्हणून मी दाखवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. ड्रममध्ये घालून फिरवील, या ठिकाणी सगळे हसले. आमचे रचनाप्रमुख मात्र हसले नाहीत. त्यांनी डबा बाजूला सारला आणि घटीचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले की चार वर्षं आम्ही टक्के बदलत बसलो, सत्तरचे पंचाहत्तर केले, पासष्ट केले, आणि लोकांच्या शिव्या थांबल्या नाहीत, कारण चूक टक्क्यांत नव्हतीच. तुझ्या डोक्यात काय आहे ते त्यांना सगळं हवं आहे.

एक गोष्ट मात्र तुला आधीच माहीत असावी. हत्यार फुटलं की माणूस चिडून नवे खडे विकत घेतो. कंपनी त्यावर चालते, आणि माझा पगारही. तेव्हा तुझी सूचना म्हणजे आमच्या ड्रमचा पट्टा सोडवणं आहे. तरी लिही.

भागवतकाकांचा हात कसा आहे? थंडीत दुखायचा तसा पावसाळ्यात दुखतो का? हिंगोलीला आमचे बाबा विचारत होते. तुझ्या बहिणीचं, कोमलचं, बारावीचं वर्ष आहे, तुझा फोन तिच्या हाती देऊ नकोस.

आहे हा लोभ असाच पिवळाधमक राहो.

तुझी,
प्रियाताई

---

कुरुंदा
११ जून २०२५

ती. प्रियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्याने वाचलंस हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आता लिहितोच.

पहिली गोष्ट घटीची, ती सांगितली. मंत्र चढला की हत्याराचं बळ थोडं कमी व्हावं, आणि किती कमी होणार हे आधी दिसावं. फुटणं नशिबावर नसावं. दुसरी गोष्ट, कोणताही खडा टाकून कोणताही मंत्र चढू नये. आईचा विळा तू पाहिला आहेस. तो तिच्याच हातात चालतो, कारण वीस वर्षं तिनेच धरला आहे. नांगीने मी चौथ्या वेशीच्या पाणथळीत तीनशे सुसरी मारल्या, तर तिला पाण्याचा मंत्र सहज चढावा आणि आगीचा जड जावा. हत्याराने जे काम केलं तेच त्याच्या अंगात उतरावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच मला नीट लिहिता येत नाही.

खांडेनवमीला आपल्याकडे काय करतात ते आठव. तू लहानपणी विळ्या-खुरप्यांना कुंकू लावायचीस. ड्रमचं सांगतो. आदल्या दिवशीच मोटारीचा पट्टा उतरवायचा. नवमीला सकाळी सगळे नट-बोल्ट काढून ड्रम मोकळा करायचा, जाळी पाण्याने धुवायची, बेअरिंगमधलं जुनं ग्रीस खरवडून नवं भरायचं. जाळीच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवायचं. मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी ड्रम फिरवायचा नाही. लोकांना वाटतं ती पूजा आहे. आहेच. पण वर्षातून तेवढ्या एका दिवशी आपण यंत्राकडे काम न मागता बघतो. चीर असेल तर तेव्हाच दिसते.

तसं खेळात असावं. ठराविक लढायांनंतर हत्याराने एक पूर्ण दिवस पाटावर राहावं. खेळणाऱ्याने ते उघडावं, धुवावं, तेल द्यावं, बोट फिरवून चीर शोधावी. चीर सापडली तर ती सांधावी, किंवा ठरवावं की आता याला पुढचा मंत्र नको. हे केलं तरच नवा मंत्र चढावा. मंत्र भट्टीत नसतो, ताई. तो या दिवसात असतो.

बाबांचा हात कधी दुखतो ते ते सांगत नाहीत. नवमीच्या गोष्टीवर आमच्या घरी बोलणं होत नाही. तू पण काढू नकोस.

चुकलंमाकलं सांभाळून घे, आणि जीव लावतेस तसा लावत राहा.

सोमेश्वर

---

पुणे
३० ऑगस्ट २०२५

चि. सोमेश्वर यास,
अनेक आशीर्वाद, आणि पेढ्यांची तयारी.

तुझ्या तिन्ही गोष्टी घालून आम्ही खेळाची चाचणीप्रत बनवली. तीन आठवडे चाळीस जणांना खेळायला दिली. एकाने लिहिलं की तलवार धुताना मी पहिल्यांदा तिची मूठ नीट पाहिली. एक मुलगी चीर सापडली म्हणून घाबरली, तलवार तिने सांधली आणि तिला आता ती कुणालाच द्यायची नाही. नऊ जणांना दिवसभर थांबणं आवडलं नाही, पण त्यांनीही खेळ सोडला नाही. रचनाप्रमुख तुझं पत्र भिंतीला लावून बसले आहेत.

आता मुख्य गोष्ट. कंपनी तुला ‘रचना सहायक’ म्हणून घ्यायला तयार आहे. सहा महिने पुण्यात राहायचं, नंतर कुरुंद्यात बसून काम केलं तरी चालेल. खेळ उघडला की पहिल्याच पडद्यावर नाव येईल : मंत्ररचना, सोमेश्वर भागवत. मी ते लावून पाहिलं आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. बारावी सोडावी लागलेल्या पोराचं नाव.

मालकांनी एक भर घातली आहे. पाटावर ठेवलेल्या हत्याराशेजारी एक बटण येईल, ‘घाई’. ज्याला दिवसभर थांबायचं नाही त्याने पैसे भरून ते दाबायचं. हत्यार आपोआप धुतलं जाईल, तेल लागेल, चीर सांधली जाईल आणि लगेच लढायला मोकळं होईल. फुटण्यातून येणारी कमाई बंद होणार, तर ती कुठून तरी यायला हवी असं त्यांचं म्हणणं. मला ते समजतं.

करार तुझ्या फोनवर येईल. वाचून त्यावर बोटाने सही करायची आहे. मुदत १ ऑक्टोबर, संध्याकाळी सहापर्यंत. एवढी मोठी मुदत मीच मागून घेतली, कारण तू प्रत्येक ओळ चार वेळा वाचणार.

काकूला नमस्कार सांग. लोभ आता पडद्यावर मावेल एवढा झाला आहे, तो तसाच असू दे.

प्रियाताई

---

कुरुंदा
७ सप्टेंबर २०२५

ती. प्रियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कोमलने सगळ्यांसमोर वाचलं. आईने देवापुढे साखर ठेवली. मी करार चार नाही, सात वेळा वाचला. माझ्या नावाची ओळ एकदाच वाचली, कारण ती पुन्हा वाचली असती तर पुढचं लिहिता आलं नसतं.

ताई, घाईचं बटण असेल तर माझी सही होणार नाही.

हे लिहिलेलं मी खोडत नाही. पैसे भरून हत्यार आपोआप धुतलं जाणार असेल तर मग पाहिलं कुणी? त्या मुलीने चीर स्वतः शोधली म्हणून तलवार तिची झाली. बटण दाबणाऱ्याला चीर होती हे कळणारसुद्धा नाही. तुम्ही माझ्या तीन गोष्टी घेतल्या आणि तिसरीच्या तळाला भोक पाडलं. आणि त्या भोकावर माझं नाव लिहिणार. त्यापेक्षा तुमचं ‘नशीब रुसलं’ बरं, ते निदान खोटं बोलत नाही.

मालकांना म्हणावं, कमाई दुसरीकडून काढा. पाटाचे रंग विका, झेंडूची फुलं विका, हत्यारांना नावं कोरून द्या. लोक आनंदाने घेतील. पण तो दिवस विकायचा नाही. माझ्या पद्धतीत ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यावर मी घासाघीस करणार नाही. घ्यायची तर सगळी घ्या, नाहीतर सोडून द्या.

बाबा माझ्यावर चिडले आहेत. ते म्हणाले की एवढं चांगलं चालून आलं न् तू बटनावर अडून बसला, काहून? बटनानं कुणाची बोटं जातेत का, असंही म्हणाले.

तुझ्या लोभाला मी पात्र आहे की नाही माहीत नाही. तरी तो असू दे.

सोमेश्वर

---

पुणे
१४ सप्टेंबर २०२५

चि. सोमेश्वर यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आता स्पष्ट लिहिते. तू चुकतो आहेस.

जगात असा कोणता खेळ आहे ज्यात काहीच विकत मिळत नाही? ज्याला बटण नको त्याने ते दाबू नये. तुझा नियम तर तसाच राहतो. ज्यांना थांबायचं आहे ते थांबतील, धुतील, बोट फिरवतील. दुसऱ्याच्या घाईने तुझ्या नवमीचं काय बिघडतं?

तुझी फुलांची आणि नावं कोरण्याची कल्पना मी मालकांपुढे ठेवली. ते हसले. कुरुंद्याहून कंपनी चालवायला कधीपासून सुरुवात झाली, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. ते मी ऐकून घेतलं, तुझ्यासाठी. रचनाप्रमुखही थकले आहेत. ते म्हणतात की एवढी एक तडजोड केली तर बाकी सगळं चांगलं लोकांपर्यंत जाईल, नाहीतर काहीच जाणार नाही.

आणि तुझा विचार कर. तू बारावी सोडलीस ती मनाने नाही. काकांचा हात गेला आणि ड्रम तुझ्या अंगावर आला. तेव्हापासून तू त्या धुळीत उभा आहेस. तुझ्या तत्त्वाचं मला कौतुक आहे, पण ते कौतुक तुला धुळीतून बाहेर काढणार नाही, ही सही काढील. अंबाबाईची शपथ घालून सांगते, सही कर.

रागाने लिहिते आहे म्हणून लोभ नाही असं समजू नकोस.

प्रियाताई

---

कुरुंदा
२३ सप्टेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस,
भागवतकाकाचे आशीर्वाद. हे पत्र मी सांगून राहिलो न् कोमल लिहून राहिली. ती सुधारून लिहायला निघाली व्हती. मी म्हणलं, जसं बोलतो तसंच लिही.

तुझं मागचं पत्र सोम्यानं कुणाला दाखवलं न्हाई. वहीत दाबून ठेवलं व्हतं. आमी वाचलं. तू पोटतिडकीनं लिहिलं हे बराबर हाय. मी पण त्याला तेच म्हणलो व्हतो. बटनानं बोटं जातेत का असं म्हणलो. त्यानं फकस्त माझ्या हाताकडं पाहिलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागंना.

तुला सगळे सांगत आले की काकाचा हात ड्रममंदी गेला. कसा गेला हे कुणी सांगितलं न्हाई, कारण मीच सांगू देलं न्हाई. आज सांगतो.

तीन वर्सामागची खांडेनवमी. भाव वर चढला व्हता. एक व्यापारी सकाळीच दारात आला. म्हणला, चाळीस क्विंटल आजच पॉलिश करून दे, सांजच्याला ट्रक निघतो, उद्या भाव राहील का न्हाई देव जाणे. रोजच्यापरीस दीडपट देतो म्हणला. आदल्या दिशी पट्टा उतरवला व्हता. सोम्या कॉलेजातून सुट्टीला आला व्हता, ग्रीसचा डबा घेऊन बसला व्हता. तो म्हणला, बाबा, आज न्हाई. जाळी पाहिली न्हाई अजून. मी त्याला म्हणलो, एका दिवसानं काय व्हतं, पूजा उद्या करू. पट्टा चढवला.

दुपारपत्तर चांगलं चाललं. मंग जाळीच्या जोडातून हळकुंडं बाहेर पडायला लागले. मी चालत्या ड्रमला हात लावून आत लोटायला गेलो. जोडाला चीर व्हती. तीच चीर सोम्याला सकाळी दिसली असती. उजव्या हाताचे तीन बोटं गेले. पोरानं पट्टा वढून काढला. त्याच्या अंगावर हळद न् माझं रगत, दोनी.

त्यानं मला आजवर एका शब्दानं बोल लावला न्हाई. बारावी सोडली न् ड्रमवर उभा राह्यला. मला वाटलं पोरगं इसरलं. ते इसरलं न्हाई. त्यानं ते तुमच्या खेळात नेऊन मांडलं, की दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये. खेळातलं का असंना.

तू लिहिलं की दुसऱ्याच्या घाईनं काय बिघडतं. बाई, त्या दिवशी घाई व्यापाऱ्यानं घेतली. इकली म्या. घेणारा ट्रक भरून गेला, त्याला काई झालं न्हाई. घाई इकणाराचं काय जातं ते मला इचार. न् तुमी सोम्याला इकायला बसवून राहिले.

मी त्याला आता सही कर म्हणणार न्हाई. न करू पण म्हणणार न्हाई. त्याचं त्यानं ठरवावं. पण त्याला कुणी दाबू नये, तू पण न्हाई. माझा हात गेला, पोराचा शब्द राहू दे.

तुझ्या बापाला, सोनाजीदादाला, हे पत्र दाखव. त्याला पण खरं माहीत न्हाई.

माया हाय, तशीच ठेव. रागवू नको.

भागवतकाका
(लिहिणार कोमल. ताई, बाबा सांगताना तीनदा उठून बाहेर गेले.)

---

कुरुंदा
३ ऑक्टोबर २०२५

ती. प्रियाताईस,
शि. सा. न. वि. वि. दसऱ्याचं सोनं सोबत पाठवतो. पानं वाळतील, चालवून घे.

परवा नवमी झाली. काय झालं ते क्रमाने सांगतो.

मागची दोन वर्षं नवमीला मी एकटाच ड्रम उघडत होतो आणि बाबा त्या दिवशी कुणाच्या तरी शेताकडे निघून जात. या वर्षी सकाळी ते माझ्या आधीच येऊन बसले होते. मी नट सैल करायचो आणि ते डाव्या हाताने काढून ओळीत ठेवायचे. जाळी धुतली. मग त्यांनी उजव्या हाताची उरलेली दोन बोटं प्रत्येक जोडावरून फिरवली. सगळं व्हायला दुपार झाली. एके ठिकाणी ते थांबले आणि मला बोट लावायला सांगितलं. केसाएवढी चीर होती. मला दिसली नव्हती. वेल्डिंगवाल्याला उद्या बोलवू म्हणाले, आज हत्यार हलवायचं नाही.

पूजेच्या वेळी आईने पाट मांडला. विळा, खुरपी, पाना, ग्रीसचा डबा, कोमलचं पेन. मग बाबांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला कळेना. ते म्हणाले की तुझं हत्यार तर खिशातच हाय, ठेव की पाटावर. मी फोन ठेवला. बाबांनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

तेव्हा साडेतीन वाजले होते.

ताई, मी विसरलो होतो असं लिहिणार नाही. करार त्याच फोनमध्ये होता आणि मुदत सहाची होती हे मला मिनिटागणिक माहीत होतं. फोन उचलला असता तर कुणी हात धरला नसता. आईने एकदा हळूच विचारलं की ते पुण्याचं आजच होतं ना. मी हो म्हणालो. बाबा पाटाकडे पाहत बसले. पावणेसहाला फोन वाजला, बहुतेक तुझाच होता. फुलाखाली तो थरथरला, फूल घसरलं. बाबांनी उठून फूल परत जागेवर ठेवलं आणि बसले. सहा वाजून गेले. मग आईने चहा ठेवला.

घाईच्या बटणावर सही करायची आणि ती पण नवमीच्या दिवशी, घाईने. मालकांनी मुद्दाम दिवस शोधला असता तरी असा सापडला नसता. माझ्याकडून नकार हवा असेल तर हा घे, लेखी आहे : सोमेश्वर भागवत यांची मंत्ररचना घाईच्या बटणासह वापरू नये. वापरलीच तर त्यावर त्याचं नाव लिहू नये. यापुढे कुणी विचारलं तरी उत्तर हेच.

भीती वाटत नाही असं नाही. काल दिवसभर ड्रमपाशी उभं राहून मी त्या पहिल्या पडद्याचा विचार केला. पण माझ्या नावाखाली तो दिवस विकलेला मला बघवला नसता. नाव नसलेलं बघवेल.

तुला माझ्यामुळे बोलणी खावी लागली, त्याचं मला वाईट वाटतं. तेवढंच वाटतं.

रागावली असशील तर राग ठेव, पण लोभ पाटावरून उतरवू नकोस.

सोमेश्वर

---

पुणे
११ ऑक्टोबर २०२५

चि. सोमेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. काकांनाही साष्टांग नमस्कार. त्यांचं पत्र मी दसऱ्याच्या सुट्टीत हिंगोलीला जाऊन बाबांना दाखवलं. बाबा ते घेऊन बराच वेळ गच्चीवर बसले होते. दिवाळीला ते कुरुंद्याला येणार आहेत, भावाला भेटायला.

इकडची हकीकत. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मालकांनी मला विचारलं की पोराने सही का केली नाही. मी म्हटलं, त्या दिवशी त्याचा फोन पूजेत होता. ते हसतील असं वाटलं होतं. ते चिडले. त्याच्या नावाशिवाय बटणासकट काढू, म्हणाले. तेव्हा रचनाप्रमुख पहिल्यांदा आडवे आले. चीर किती लढायांनी पडावी, किती धुतल्याने दिसावी, ही सगळी गणितं त्या मुलाच्या पत्रावरून बसवली आहेत आणि त्याने लेखी नाही म्हटलं आहे, मी हात लावणार नाही, असं ते म्हणाले. भिंतीवरचं तुझं पत्र काढून त्यांनी खिशात घातलं.

तेव्हा खेळाची नवी आवृत्ती जुन्याच भट्टीसह निघणार आहे. शंभरातले सत्तर. तुझं नाव कुठेही नाही. पहिल्या पडद्यावरून मीच ते पुसलं, आणि पुसताना तुझ्यावर पुष्कळ रागावले.

एक गोष्ट मात्र मी केली. ‘नशीब रुसलं’ हे वाक्य काढून टाकलं. त्या जागी लिहिलं, ‘हे हत्यार आम्ही फोडलं.’ मालकांनी अजून पाहिलेलं नाही. पाहतील तेव्हा पाहतील.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये चाचणीप्रत आहे, रचनाप्रमुखांना विचारूनच पाठवते आहे. ही विकली जाणार नाही, कुणाला मिळणारही नाही. तुझ्या तिन्ही गोष्टी तिच्यात पुऱ्या आहेत आणि घाईचं बटण मी स्वतः काढलं आहे. दुसऱ्या वेशीजवळ मेंढपाळ तुझी वाट पाहतो आहे. त्याच्याकडे एक भाला ठेवला आहे.

मी पण खेळते. माझी तलवार काल पाटावर आली. मला एक वेश ओलांडायची होती आणि बोट सवयीने बटणाच्या रिकाम्या जागेवर गेलं. मग धुतली, तेल दिलं, काकांसारखं दोन बोटांनी चाचपत गेले. मुठीजवळ चीर आहे. मी दोन महिने त्याच तलवारीने लढत होते.

काकांना सांग, सापडली म्हणावं. आज हलवत नाही.

तुमच्या सगळ्यांची,
प्रियाताई